बादलीतलं थराचं

बबनतात्यांच्या तेराव्याला एक भयंकर गोष्ट घडली. पंगत बसली होती, लापशी वाढली जात होती, आणि मंचरहून बोलावलेल्या वाढप्याने माझ्या शेजारच्या पावण्याला विचारलं, "आणखी वाढू का?"

खोटं सांगत नाही, अख्ख्या रांगेचे घास तोंडापाशी थांबले. समोरच्या ओळीतला एक म्हातारा तर घाबरून तात्यांच्या फोटोकडेच बघायला लागला. त्याला वाटलं असणार, आता हार बाजूला सारून तात्या चौकटीतून बाहेर येणार, त्या वाढप्याच्या हातातलं ओगराळं हिसकावणार आणि म्हणणार, "गाढवा, वाढायचं म्हंजे इचारायचं न्हाई!"

आमच्या निरगुडसरात आणि आसपासच्या गावांत लग्न असो, यात्रा असो, स्वयंपाक आचारी करायचा, पण वाढणं तात्यांचं. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. पैसे घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. मांडवात पत्रावळी पडायला लागल्या की तात्या कुठूनतरी उगवायचे. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, कमरेला टॉवेल आवळलेला आणि हातात स्वतःची बादली. स्वतःची! दुसऱ्याच्या बादलीने ते वाढत नसत. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेली, एका बाजूला पोचा आलेली स्टीलची बादली. लग्नात सासऱ्यांनी जावयाला मनगटी घड्याळ देऊ केलं होतं. तात्या म्हणाले, "घड्याळ नगं, एक चांगली बादली द्या." सासरे म्हणे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पोरगी कुणाच्या घरात दिली, याचाच विचार करत बसले.

तात्यांचं सगळं शास्त्र त्या बादलीत होतं. ते मला नेहमी सांगत, की माणसाला 'वाढू का' विचारलं की तो 'नको' म्हणणारच. "माणूस लाजतंय रं बाळ्या. पोट लाजत न्हाई. आपण पोटाकडं बघायचं." म्हणून ते तोंडाकडे बघतच नसत. पानाकडे बघत. कोपऱ्यात भात कसा उरलाय, बोटं रश्श्यात किती फिरतायत, यावरून त्यांना सगळं कळायचं. आणि पानावर कुणी आडवा हात धरला, तर तात्या हातावर वाढत. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखर हातावर ओतत.

एका लग्नाला तालुक्याचे कुणी मोठे साहेब आले होते. आमरसाचं जेवण. साहेबांनी दोनदा घेतला आणि तिसऱ्या वेळेला तात्यांची बादली येताना पाहून पानावर हात आडवा धरला. हाताला घड्याळ. आम्ही सगळे ओरडलो, "तात्या!" पण ओगराळं कललं होतं. घड्याळ, मनगट, शर्टाची बाही, सगळं आमरसात. साहेब हात वर धरून म्हणाले, "अहो, घड्याळ बंद पडलं!"

तात्या पुढच्या पानाकडे सरकत म्हणाले, "बरं झालं. टायम न बघता जेवा."

साहेब लालबुंद झाले. मग हसले. मग त्यांनी मनगट चाटलं. मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या एका लग्नात रांगेच्या टोकाला एक अनोळखी माणूस बसला होता. धुळीने माखलेला, खाली मान घालून भराभर जेवणारा. तात्यांचा मुलगा सुरेश माझा वर्गमित्र. तो येऊन तात्यांच्या कानात म्हणाला, "ह्यो मुलीकडचा बी न्हाई, मुलाकडचा बी न्हाई. कुठल्या बाजूचा हाय काय म्हाईत."

"पोटाच्या बाजूचा," तात्या म्हणाले आणि त्याच्या पानात दोन ओगराळी रस्सा जास्तीचा ओतून आले. रस्त्यावर ट्रक बंद पडलेला ड्रायव्हर होता तो.

आणि स्वतः तात्या? शेवटची पंगत उठली, आचाऱ्यांचीही जेवणं झाली, की ते मागल्या बाजूला जाऊन बसत. भांड्याच्या तळाला जे उरलं असेल ते स्वतःच्या हाताने घेत. वर नावंही ठेवत. "मीठ कमी व्हतं. आता सांगून काय उपेग!" इतक्या वर्षांत तात्यांना कुणी वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नसेल. दिव्याखाली दिवा कोण लावतो?

तर असा हा माणूस. आता पुढचं ऐका आणि मला सांगा, मी दुकानाच्या गादीवरून पडलो तर त्यात माझी काय चूक.

चैत्रातली टळटळीत दुपार. माझं गावात किराणा दुकान आहे. तात्या आले, पायरीवर उभे राहिले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाळ्या, चाकलेटी बिस्कीट हाय का?"

मी गादीवरून घसरून पडलो. वाटलं, तात्यांना ऊन लागलं. कारण बिस्कीट या वस्तूबद्दल तात्यांचं मत गावात प्रसिद्ध होतं. बिस्कीट आजारी माणसाला द्यावं, नाहीतर कुत्र्याला.

"एखादा पुडा देऊ का तात्या?"

"पुडा न्हाई. खोकी पायजेत. हायेत तेवढी सगळी."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. सायलीचा, म्हणजे सुरेशच्या मुलीचा, साखरपुडा ठरला होता. मुलगा ओतूरचा. सायली पुण्यात नोकरीला, तात्यांची एकुलती एक नात आणि त्यांचा एकमेव हळवा कोपरा. सुरेशने जाहीर केलं होतं की जेवण केटरर देणार, टेबलं मांडणार, ज्याने त्याने ताट घेऊन रांगेत यायचं. त्यावर घरात जे झालं ते आमच्या दुकानापर्यंत ऐकू आलं होतं.

"तात्या, आता पंगती कोण घालतंय? समदे उभ्यानं जेवत्यात."

"उभ्यानं घोडं खातंय!"

"पावणे काय म्हणतील? पुण्याहून माणसं येणारेत."

"पुण्याच्या माणसाला बुड नसतंय का बसायला?"

शेवटी सायली मध्ये पडली. केटरर तर केटरर, पण गोड तात्यांच्या हातचं. मात्र ती सांगेल तेच. आणि तिने मोबाईलवर दाखवलं. खाली चॉकलेटी बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबलेला, त्यावर कॅरॅमल, त्यावर घुसळलेली साय, त्यावर चॉकलेट. चार रंगांचे चार थर. भट्टी नाही, ओव्हन नाही, वाफ नाही. थंडाव्याला ठेवायचं, आपोआप बसतं.

"मंग शिजतं कशावर?" तात्यांनी विचारलं होतं.

"शिजवायचंच नाही तात्या. कॅरॅमलपुरता तेवढा गॅस."

"न शिजवता खाणारं जनावर असतंय सायले."

"मग करणार नाही का तुम्ही?"

यावर जगातला कुठलाही आजोबा काय म्हणेल? पण सायलीही त्यांचीच नात. तिने अट घातली. थर दिसले पाहिजेत. चौकोनी वड्या कापायच्या, टेबलावर मांडायच्या, ज्याला हवी त्याने घ्यायची. आणि बादली दिसता कामा नये.

"न्हाई दिसणार."

"आणि निघाली तर?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "लेण्याद्रीच्या गणपतीची आन. निघाली, तर जल्मात त्या बादलीला पुन्हा हात लावणार न्हाई."

हे सगळं मला पायरीवर सांगून ते खोकी घेऊन गेले. मी आपला गादीवर बसून विचार करत राहिलो. तात्या आणि कॅरॅमल! उद्या मारुतीच्या देवळात नाताळ साजरा झाला तरी मला एवढा धक्का बसला नसता.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा बसला. बिस्किटांचा चुरा करायचा, तर माणूस काय करेल? पिशवीत घालून लाटणं फिरवेल. पण सगळ्या पावण्यांना पुरेल एवढा चुरा तात्यांना हवा होता. ते सरळ गिरणीत गेले. पिठाच्या गिरणीत! पोत्यात बिस्किटं.

गिरणीवाल्याने पोत्यात डोकावून बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि गिऱ्हाईक म्हणून जन्मभर मान दिलेला असल्यामुळे एवढंच विचारलं, "तात्या, बाजरीच्या मागं टाकू का गव्हाच्या?"

"गव्हाच्या. बाजरीनं रंग बिघडतोय. आन बारीक नगं, लापशीवानी जाडसर काढ."

जाडसर निघालं, ते बरं निघालं. पण बिस्किटात तूप असतं, साखर असते. गिरणी तापली, आणि जात्याच्या दगडांना चॉकलेटचा लेप बसला. तो लेप पुढच्या गिऱ्हाइकांच्या दळणाबरोबर हप्ताभर सुटत राहिला. त्या आठवड्यात आमच्या गावातल्या भाकऱ्या तपकिरी आणि गोडसर होत्या. एका घरात सासूने सुनेला विचारलं, पिठात काय कालवलंस? सुनेने शपथा घेतल्या. दुसऱ्या घरात म्हाताऱ्याने पिठल्याबरोबर पहिला तुकडा मोडला आणि घास तोंडात तसाच धरून डोळे विस्फारून बसला. लोकांना आजार वाटला. गिरणीवाला मात्र गप्प. तात्यांना नावं ठेवायची त्याची छाती नव्हती.

कॅरॅमलची पहिली खेप जळली. साखर काळी ठिक्कर पडली आणि धुराने शेजारचं घर रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला तात्या काहिलीपाशी असे उभे राहिले की जणू यात्रेतली बैलगाड्यांची शर्यत चालू आहे. "थांब... थांब... आता लोणी! आता साय! हाण!" सुरेशची बायको बिचारी दोन्ही हातांनी ढवळत होती. साखर सोनेरी झाली, फसफसून वर आली आणि खाली बसली. तात्यांनी बोटावर थेंब घेतला. चाटला. आणि त्यांचा चेहरा पाहून मी घाबरलो, कारण तात्या कधी काही चांगलं झालं असं म्हणतच नसत.

"काय झालं तात्या?"

"लई..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांना सवयीने सापडेना. शेवटी म्हणाले, "मीठ टाक चिमटभर."

नंतर सायलीने सांगितलं, कॅरॅमलमध्ये मीठ घालतातच म्हणे.

मग पराती भरल्या. चुरा तांब्याच्या बुडाने दाबून बसवला, त्यावर कॅरॅमल, त्यावर रवीने घुसळलेली साय, शेवटी चॉकलेट. आता थंडावा कुठला आणायचा? एवढ्या पराती कुणाच्या फ्रीजमध्ये मावणार? तर आमच्याकडे बटाट्याचं बेणं ठेवायला शीतगृहं आहेत. तात्या पिकअपमध्ये पराती घालून, वर ओली गोणपाटं टाकून तिथे पोचले. मी सोबत होतो. तिथला मॅनेजर हात जोडून आडवा आला.

"तात्या, हितं बेणं ठेवत्यात."

"ह्ये बी बेणंच हाय. नातीच्या संसाराचं."

मॅनेजर बाजूला झाला. काय करणार? तात्यांनी त्याच्याही लग्नात वाढलेलं होतं.

आत बटाट्यांच्या गोण्यांच्या भिंती, मातीचा गार वास, आणि गोण्यांवर ओळीने ठेवलेल्या चॉकलेटच्या पराती. मी तर बघतच राहिलो. तात्यांनी टोपी काढून प्रत्येक परातीत वाकून बघितलं आणि तान्ह्या मुलाला झोपवून निघावं तसं दार हलकेच लावलं.

साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी जे टेबलावर आणलं ते पाहून मांडव अवाक झाला. सायलीने सुरी फिरवली, पहिली वडी उचलली. काळा थर, सोनेरी थर, पांढरा, तपकिरी. आखून काढल्यासारखे. पुण्याचे पावणे फोटो काढायला लागले. केटरर जवळ येऊन कुठल्या दुकानातून मागवलं ते विचारून गेला. सायलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी सुरेशची पाठ थोपटली. सायली आमच्याकडे बघून अशी हसली, की तिने हे सगळं तात्यांसाठीच मांडलं होतं हे मला तेव्हा कळलं. तिच्या सासरच्यांनी तात्यांना बादलीवाला म्हातारा म्हणून बघू नये, एवढीच तिची धडपड होती.

तात्या टेबलाशेजारी उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, दोन्ही हात पाठीमागे, स्वतःच स्वतःला अटक केल्यासारखे. लोक रांगेने येत होते, एकेक वडी घेत होते, पुढे जात होते.

आणि तिथेच घात झाला.

नवऱ्या मुलाची आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. मांडीवर ताटली. वडी संपलेली. ती बोटाने ताटली निपटत होती, आणि मधूनच टेबलाकडे बघून लगेच मान फिरवत होती. कुणीतरी विचारलं, "आजी, आणखी आणू?"

"नको बाई, बास झालं," आजी म्हणाली.

मी तात्यांकडे पाहिलं. पाठीमागचे हात सुटले होते. बोटं हलत होती. मी मनात म्हटलं, नाही, तात्या, नाही! आन आठवा! पण पुढच्या क्षणी टेबलाशेजारची जागा रिकामी होती.

मी मांडवामागे धावलो. उरलेल्या पराती तिथे ठेवल्या होत्या. पिकअपचं दार उघडं होतं, आणि बादली तात्यांच्या हातात. ती तिथे कशी आली, यावर ते नंतर एवढंच म्हणाले, "घरी एकटी कशी ठिवायची?" माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी परात उचलली आणि बादलीत पालथी केली. भद्‌! दुसरी परात. भद्‌! मग ओगराळं आत घालून त्यांनी गरगर ढवळलं.

"तात्या! थर!"

"थर पोटात जाऊन येगळे ऱ्हात्यात का?" असं म्हणून ते निघालेसुद्धा.

आजीच्या ताटलीत त्यांनी पहिलं ओगराळं ओतलं. आजीचे डोळे चमकले. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण तात्यांच्या हातात बादली आली की तात्या थांबत नसत. "घ्या पावणं! घ्या! लाजू नगा!" उभ्या माणसांच्या ताटल्यांत धडाधड तपकिरी गोळे पडायला लागले. पुण्याच्या एका बाईंनी किंचाळून ताटली मागे घेतली, गोळा साडीवर पडला. होणारे व्याही "अहो, अहो" म्हणत हात आडवा धरायला गेले, त्यांची पांढरीशुभ्र बाही कोपरापर्यंत भरली. आणि शेवटी नवरा मुलगा. त्याने बिचाऱ्याने हसत हसत ताटलीवर हात धरला. त्याच हातात तासाभरापूर्वी सायलीने घातलेली अंगठी होती.

अंगठी दिसेनाशी झाली.

मांडवातली गाणी चालू होती, पण माणसं सगळी गोठलेली. तात्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग समोर सायली दिसली. ती रडत नव्हती, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "तात्या, थर मोडले."

तात्यांनी खाली बादलीत पाहिलं. भातलावणीच्या खाचरासारखा चिखल. कुठे काळं, कुठे सोनेरी, सगळं एकात एक. त्यांनी ओगराळं हळूच आत सोडलं. नळापाशी गेले, बादली घासली, कमरेला टॉवेल नव्हता म्हणून इस्त्रीच्या शर्टाने पुसली, आणि घरात नेऊन फळीवर पालथी घातली.

आजी मागे कुणालातरी म्हणत होती, "आता कसं, खाल्ल्यागत वाटलं." पण ते ऐकायला तात्या तिथे नव्हते.

व्याह्यांनी बाही धुऊन येऊन अगदी सभ्यपणे सुरेशला सांगितलं, "लग्नातलं जेवणाचं सगळं आमी बघू. तुमी काय काळजी करू नका." याचा अर्थ न कळण्याइतकं आमच्या गावात कुणी अडाणी नाही.

त्यानंतर लग्नसराई ऐन भरात आली, आणि तात्या घरात. मांडव पडत होते, पत्रावळी पडत होत्या, लोक दाराशी येऊन सांगत होते, "तात्या, चला की, तुमच्याबिगर पंगत उठत न्हाई." तात्या म्हणायचे, "आन हाय." बस. दुकानात आले तरी पायरीवर बसत नसत. एकदा मी मुद्दाम बिस्किटाचा पुडा पुढे केला. तर हा माणूस, ज्याने बिस्किटाला कुत्र्याचं खाणं म्हटलं होतं, त्याने एक बिस्कीट उचललं, मुकाट्याने खाल्लं आणि नावंही ठेवली नाहीत! तेव्हा मात्र मी घाबरलो.

सायलीचं लग्न ओतूरला, मंगल कार्यालयात झालं. टेबलं, रांगा, पांढरे हातमोजे घातलेले केटररचे लोक. गोडाच्या टेबलावर काय असावं? तेच! चार थरांचं, एकेकट्याला पुरेल एवढ्या पारदर्शक पेल्यांत, चिमणीच्या चोचीएवढ्या चमच्यांसकट. सासरच्यांनी सायलीच्या आवडीचं म्हणून ठेवलं होतं. तात्यांनी लांबूनच बघितलं आणि वळले.

जेवणाची धांदल सुरू झाली. जो तो तात्यांना विचारत होता, "जेवला का?" तात्या म्हणत, "जेवतो की." रांगेत मात्र उभे राहिले नाहीत. गर्दी ओसरली, केटररचे लोक टेबलं आवरायला लागले, तरी हा माणूस भोजनगृहाच्या टोकाला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेला. त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटी. फक्त आता तळाचं खरवडून घ्यायला हातात भांडं नव्हतं.

आणि मग मी जे पाहिलं ते माझ्या नातवंडांना सांगणार आहे.

स्टेजवरून सायली उतरली. शालू, मुंडावळ्या, मेंदीने भरलेले हात. सरळ भोजनगृहाकडे चालायला लागली. तिच्या शालूला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारलेली, त्यामुळे तोही मागे ओढला जात होता. "अगं, कुठं? फोटो राहिलेत!" सायलीने ऐकलं नाही. आईला म्हणाली, "गाडीतली पिशवी आण."

पिशवीतून बादली निघाली.

पोचा आलेली, ठिपक्यांनी नाव कोरलेली. व्याही जागीच थांबले आणि त्यांनी नकळत शर्टाची बाही वर दुमडली. सायली गोडाच्या टेबलापाशी गेली, तिने एक पेला उचलला, चार थर नीट बसलेला, आणि बादलीत उपडा केला. मग दुसरा. तिसरा. नवरा क्षणभर बघत राहिला. गाठीने बांधलेला होता, जाणार कुठे? त्यानेही पेला उचलला आणि उपडा केला. मग दोघांचे हात भराभर चालायला लागले. हातमोजेवाले आ वासून बघत होते. शेवटी सायलीने पिशवीतलं ओगराळं आत घातलं आणि गरगर ढवळलं.

मी पळत जाऊन कुठूनशी एक पत्रावळ पैदा केली आणि तात्यांसमोर मांडली. एवढंच काय ते माझं काम.

"सायले, न्हाई," तात्या उठायला लागले. "आन हाय माझी."

"आन तुमची हाय तात्या. माझी न्हाई. बसा."

पुण्यात नोकरी करणारी पोरगी घरच्या बोलीत बोलली आणि तात्या मुकाट्याने बसले. मांडी घालून, टोपी सावरून. आता पानात गोड पडणार म्हणताना ते संकोचून असे आखडले, की पहिल्यांदाच सासरी आलेला जावई वाटावा.

सायली वाकली. विचारलं नाही. पहिलं ओगराळं पानात.

तात्यांनी बोटाने घेतलं. खाल्लं. खाली मान घालून.

दुसरं ओगराळं.

"बास," तात्या म्हणाले. "बास गं पोरी. बास."

आणि त्यांनी पानावर हात आडवे धरले. एक नाही, दोन्ही.

अख्खं कार्यालय बघत होतं. नवऱ्याची आजी खुर्चीवरून पुढे झुकली. सायलीने तात्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती पानाकडे बघत होती. मग तिने ओगराळं भरून घेतलं, आणि सावकाश, काळजीपूर्वक, त्या दोन सुरकुतलेल्या हातांवर ओतलं.

कॅरॅमल बोटांच्या फटींतून गळत पानात उतरलं. तात्या भिजलेल्या हातांकडे बघत राहिले.

मग त्यांनी पानावरचे हात बाजूला घेतले.